मिटलेले डोळे उघडून मिळतील

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "सर, मॅनेजरसाहेबांचे डोळे मिटलेत व्हिडिओत. उघडू का?"

मी म्हटलं, "उघड."

तिने एक बटण दाबलं आणि साहेबांचे डोळे उघडले. झालं काम. तिचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

मी खराडीला एका कंपनीत व्हिडिओ तयार करतो. पासवर्ड कोणाला सांगू नये, लिफ्टमध्ये कसं वागावं, असले. राहतो धायरीला. म्हणजे रोज सकाळी पुण्याच्या एका टोकातून आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, आणि संध्याकाळी तेच उलट. या खेपांमध्ये माणसाचा जीव इतका आंबून जातो की कशाचं कौतुक करायला ताकदच उरत नाही. त्या मुलीचं कौतुक करायला हवं होतं, ते राहूनच गेलं. मला एकदम जुन्या स्टुडिओतल्या सुमनताई आठवल्या आणि पुढे दिवसभर हातून काही धड झालं नाही.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला एका पिठाच्या गिरणीवर आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचा म्हणजे शेठचा. मी तिथे लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायचो. नवरानवरीच्या भोवती बदाम सोडायचे, पाकळ्या पाडायच्या, सासरी निघालेल्या मुलीच्या मागे सनई लावायची, ही माझी कला. खालून गिरणीचा आवाज आणि पीठ दोन्ही वर यायचं. कीबोर्डवर पीठ, कॅसेटींवर पीठ, शेठच्या मिशीवर पीठ. जिन्यात शेठने स्वतः रंगवलेली पाटी होती: 'जुने फोटो नवे करून मिळतील. फाटलेले फोटो जोडून मिळतील. मिटलेले डोळे उघडून मिळतील.' ती शेवटची ओळ ताईंच्या जिवावर होती.

मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डावा डोळा लहान आहे तुझा. घरी कोणी बोललं नाही?" मी तेवीस वर्षांचा होतो, तोवर खरोखरच कोणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी फोटोत तिरका उभा राहतो. माझं नावही त्यांनी कधी घेतलं नाही. मिक्सिंग करणारा तो मिक्सर. "ए मिक्सर, आवाज कमी कर," अशी हाक आली की तो दिवस सुरळीत चाललाय असं समजायचं.

ताईंनी आयुष्यभर लोकांचे चेहरे नीट केले. आधी पेन्सिलीने, निगेटिव्हवर, भिंगातून बघत. मग गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हा शेठने त्यांनाही एका क्लासला घातलं. तिथले सर कॉम्प्युटर म्हणजे काय, त्याचे भाग किती, हे वहीत उतरवून घ्यायला लागले. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते मी घरी जाऊन वाचीन. डाग कुठून काढायचा तेवढं दाखवा." फोटोचं सॉफ्टवेअर त्या तेवढंच शिकल्या आणि मग त्यातलं कुठलं काम त्यांना अडलं नाही. एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे छापायचं जे हत्यार असतं, त्याला त्या शिक्का म्हणायच्या. "गालावर शिक्का मारलाय, आता बघ." बघितलं तर देवीचे व्रण गायब.

पण हलणाऱ्या चित्राशी त्यांचं जन्माचं वैर. मी कॅसेट चालवत असलो की त्या मागून येऊन उभ्या राहायच्या. दोन मिनिटं बघायच्या आणि वैतागून म्हणायच्या, "थांबव रे. हलतंय त्याचं काय करणार माणूस? आधी थांबव." मी थांबवलं की त्यांचा चेहरा निवळायचा. मग पडद्याजवळ जाऊन नवरीची नथ कुठे सरकलीय, मामाच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलंय, सगळं सांगायच्या. चालू असताना त्यांना म्हणे काहीच दिसायचं नाही.

व्हिडिओतून काही काढायचं झालं तर माझ्याकडे त्या काळी इलाज नव्हता. माझं सॉफ्टवेअर बदाम घालू शकत होतं, पण मागे कोणी बनियनवर उभा असला तर त्याला काढू शकत नव्हतं. तेव्हा शेठने युक्ती काढली. मी त्या प्रसंगाचे सुटे फोटो करायचे, एका सेकंदाचे पंचवीस. ताईंनी ते एकेक करून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, नीट करायचे, मिटायचे. मग मी ते परत ओळीने ओवायचे. धंद्यातले लोक हसायचे. एकजण गिरणीकडे बोट दाखवून म्हणाला, "खाली एवढी चक्की चाललीय आणि तुम्ही वर एकेक दाणा पाट्यावर वाटताय होय?" ताई मान न उचलता म्हणाल्या, "वाटलेल्याची चव वेगळी लागते. तुम्ही कुठे खाल्लंय?"

असंच एक घड्याळाचं काम आलं. लग्न मुहूर्तावर लागलं नव्हतं, वरात वाहतुकीत अडकली होती. नवऱ्या मुलाची आजी आजारी, घरीच. आणि मुहूर्त तिनेच काढायला लावलेला. तिला कॅसेट दाखवायची होती आणि हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ चुगली करत होतं. नवऱ्याचे काका आले, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "घड्याळात मुहूर्ताची वेळ करता येईल का?"

ताई म्हणाल्या, "आमच्यात मुहूर्त नसतो हो. तरी लग्नं लागतात. पण करून देते."

त्यांनी फोटोमागून फोटो घेतले आणि प्रत्येकातल्या घड्याळावर मुहूर्ताची वेळ छापली. काम इतकं सुबक, की घड्याळाच्या काचेवरची चमकसुद्धा जागच्या जागी. फक्त मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा जी वेळ होती तीच हार घालताना होती, तीच सप्तपदीला होती आणि शेवटी लोक जेवायला उठले तेव्हाही तीच. ताईंना त्यात काही चुकल्यासारखं वाटेना. "वेळ बरोबर आहे ना? मग झालं," त्या म्हणाल्या. फोटोत वेळ एकदाच बरोबर असावी लागते, त्यांचा सगळा जन्म त्यात गेलेला. मुलीचे आजोबा नारायण पेठेतले. त्यांनी स्टुडिओत कॅसेट बघितली, बराच वेळ घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ बंद दिसतंय हॉलचं. भाडं मात्र चालू घड्याळाचं घेतलं असणार." पण त्या आजारी आजीबाई खूश झाल्या म्हणे. "वेळेवर लागलं हो बाई," म्हणाल्या. ताईंना हे समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपला गपचूप बदाम सोडायला बसलो.

हसण्यासारखं एवढंच. पाटीवरची शेवटची ओळ हसण्यासारखी नव्हती. लग्नाच्या ग्रुप फोटोत कोणाची तरी पापणी मिटायचीच, त्याचे डोळे उघडणं हे रोजचं काम. पण दुसरेही लोक यायचे. घरातलं माणूस गेलेलं असायचं आणि त्याचा हयातीतला एकही फोटो नसायचा. शेवटच्या दिवशी, तिरडीवर ठेवल्यावर, कोणीतरी घाईघाईने फोटोवाला बोलावलेला. तेवढाच फोटो. तो घेऊन यायचे आणि पाटीकडे नुसतं बोट दाखवायचे.

एरवी ताईंची जीभ म्हणजे सुरी, पण अशा वेळी त्या उठून खुर्ची द्यायच्या. विचारायच्या, "हसताना डोळे बारीक व्हायचे का? बघायचे कसे, सरळ की खालून?" मग आलेल्या मुलांना, भावांना ओळीने उभं करायच्या आणि एकेकाच्या डोळ्यांत निरखून बघायच्या. "डोळे घरातच असतात," त्या म्हणायच्या. एका बाईंच्या वडिलांना त्यांनी त्या बाईंचेच डोळे लावले. फोटो हातात घेतल्यावर त्या बाई गिरणीच्या आवाजातही ऐकू येईल इतक्या मोठ्याने रडल्या. ताई तोवर पुढच्या कामाला लागलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "मिटलेल्या डोळ्यांचा माणूस भिंतीवर लावू नये मिक्सर. घर झोपत नाही."

ताईंचे यजमान वसंतराव खडकीकडच्या एका कारखान्यात होते. मूळचे अमरावतीकडचे. संध्याकाळी ताईंना न्यायला यायचे, पण वर कधी चढले नाहीत. खाली गिरणीच्या दाराशी उभे राहून सायकलची घंटी वाजवायचे. ताई म्हणायच्या, "वाजवू दे, पिठाने काळा माणूस जरा उजळतोय." पण म्हणता म्हणता पदर सारखा करायच्या. पाचेक मिनिटांनी खाली गेल्या की वसंतराव खरोखरच पांढरे झालेले असायचे आणि ताई त्यांच्या खांद्यावरचं पीठ झटकायच्या. हे मी खिडकीतून रोज बघितलंय.

वसंतराव पाळीवर असतानाच गेले, हार्ट अटॅकने. त्यांची आई गावी होती. निरोप पोचेपर्यंत, गाडी मिळेपर्यंत फार वेळ गेला. म्हातारी विश्रांतवाडीत उतरली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिने मुलाला शेवटचं बघितलंच नाही.

ती परत गेली नाही. ताईंकडेच राहिली, पण जेवेना, बोलेना. ताईंनी नवऱ्याचा फोटो केला, जीव ओतून केला, बुद्धाच्या तसबिरीजवळ लावला. म्हातारीने त्याच्याकडे पाठ केली. ताईंनी कारण विचारलं तर म्हणाली, "हा उगाच हासून राह्यला. फोटो कोनाचाही हासते. मले माह्यं पोरगं चालताना पाह्याचं हाय."

हे सगळं ताईंनी मला कामाला परत आल्या त्या दिवशी, शिक्का मारता मारता सांगितलं. आणि मग त्यांचा हात थांबला. "मिक्सर, यांच्या कारखान्यातल्या मोरेंच्या मुलीचं लग्न आपणच शूट केलं ना? हे गेले होते त्या लग्नाला."

मूळ कॅसेट सापडली, आणि वसंतरावही सापडले. जेवणाच्या रांगेपाशी उभे होते, अगदी कडेला. कॅमेऱ्यावरच्या हॅलोजन दिव्याचा झोत अंगावर आला तेव्हा त्यांनी डोळ्यांपुढे हात धरला, हसले, कोणाला तरी काहीतरी म्हणाले आणि ताट घेऊन चार पावलं चालत निघून गेले. संपलं. एका माणसाचा सगळा चालता-बोलता पुरावा एवढाच. त्यातही उजेडाने चेहरा पांढराफट्ट, मध्ये कोणाचा तरी कोपर येतोय आणि डोळे सारखे मिटतायत, उघडतायत, मिटतायत. हॅलोजन तोंडावर आल्यावर कोणाचंही तेच होतं.

मी म्हटलं, "ताई, आहे तसं देऊ. आईंना पुरे होईल."

"असं?" त्या म्हणाल्या. "मी जगाचे डोळे उघडून दिले आणि माझ्या माणसाला असा नेऊ त्यांच्यापुढे? डोळे मिटलेला? नाही जमायचं."

मी सुटे फोटो करून दिले आणि त्या बसल्या. किती आठवडे ते चाललं होतं कोण जाणे. शेठ खिळ्यावरून, सुतळीवरून कटकट करणारा माणूस, पण गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईंच्या हातात घरचं काम आहे. थांबायचं तर थांबा." ताईंनी उजेड उतरवला, चेहऱ्याचा रंग परत आणला. कोपर पुसून त्याजागी शर्ट आणला. आणि जिथे जिथे डोळे मिटलेले किंवा अर्धवट होते, तिथे मागच्या-पुढच्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवले. कधी कधी एकाच फोटोपुढे नुसत्या बसून राहायच्या. तेव्हा मी सनईचा आवाज आपणहून बारीक करायचो.

एकदा न राहवून बोललोच. "ताई, माणूस पापणी हलवतो हो."

"हलवतो. म्हणूनच तर फोटो बिघडतात."

काम झाल्यावर मी ते ओवलं, सीडीवर घेतलं आणि विचारलं, "चालवून बघता?" त्यांनी मान हलवली. "आधी आई बघतील." मला तेव्हा कळलं की इतक्या दिवसांत त्यांनी नवऱ्याला एकदाही चालताना बघितलेलं नाही. थांबवूनच बघत होत्या.

रविवारी दुपारी मी शेठचा सीडी प्लेअर घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हातारी टीव्हीसमोर अगदी जवळ बसली, लहान मूल बसावं तशी. वसंतराव दिसले आणि तिने हात जोडले. "आला! आला नं माह्या वसंता!" ती पडद्याला बोटांनी चाचपायला लागली. ताई दाराला टेकून उभ्या होत्या. संपलं तसं म्हातारी म्हणाली, "अजून." मी परत लावलं. मग आणखी एकदा.

तिसऱ्या खेपेला तिचा हात पडद्यावरून खाली आला. मी इतका वेळ म्हातारीकडे बघत होतो, आता पडद्याकडे बघितलं. रंग सुरेख होता. शर्टावर एक सुरकुती इकडची तिकडे नव्हती. आणि वसंतराव हसत होते, बोलत होते, चालत होते, आणि त्यांचे डोळे टक्क उघडे होते. एवढ्या प्रखर उजेडाकडे बघताना पापणी म्हणून लवत नव्हती. उघडे म्हणजे उघडेच.

"काऊन असा पाहून राह्यला?" म्हातारी पुटपुटली. मग तिने आवाज अगदी खाली आणला, पाळण्याशी बोलावं तसा. "डोये मिट नं राजा. मिट जरासाक. थकला असशीन."

"थांबव," ताई म्हणाल्या.

मी थांबवलं. पडद्यावर वसंतराव तसेच बघत राहिले. मग मी टीव्हीच बंद केला.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळेला आल्या. पदराने कीबोर्डवरचं पीठ पुसलं, बसल्या आणि म्हणाल्या, "मिक्सर, मूळचं आहे ना तुझ्याकडे? ते घे सीडीवर."

"डोळे तेवढे मूळचे घेऊ? बाकी तुमचं काम राहू दे. रंग किती छान आलाय."

"सगळंच मूळचं घे. उजेड होता तर होता. कोपरही असू दे. लग्नात गर्दी असतेच." मग पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं लोकांच्या मयताला डोळे लावले रे. त्याच हाताने यांनाही लावले. आईंनी ओळखलं." त्यांचा आवाज फाटला. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं, आणि मलाही आवरलं नाही. शेठ उगाचच जिन्यात जाऊन पाटी पुसत बसला.

पुढे स्टुडिओ फार दिवस टिकला नाही. घराघरात कॅमेरे आले, मग फोनमध्येच आले, बदामाला कोणी विचारेना. गिरणी मात्र अजून चालू आहे. ताई सासूबाईंना घेऊन अमरावतीकडे गेल्या, एवढं शेठकडून कळलं. मीही लागलो या खराडीच्या खेपांना. पण माझ्या डोळ्यांपुढे ताई येतात त्या दुसऱ्या रविवारच्या.

मी नवी सीडी लावली होती. कडेला वसंतराव, तोंडावर पांढरा भपका, मध्ये कोणाचा तरी कोपर. हात कपाळाशी, डोळे मिटले, उघडले, हसले, मिटले. गेले ताट घेऊन. दर वेळी संपलं की म्हातारी बोट वर करायची, मी परत लावायचो. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग बोट वर आलं नाही. बघितलं तर तिची मान भिंतीला टेकलेली, तोंड उघडं आणि ती गाढ झोपलेली. ताई म्हणाल्या, हे गेल्यापासून आईंना अशी लागलीच नव्हती झोप.

ताई माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसल्या. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीत. पडद्यावर वसंतराव डोळ्यांपुढे हात धरत होते. इतक्या वर्षांची सवय, मी न सांगता रिमोट उचलला आणि थांबवायला बोट नेलं.

त्यांनी माझा हात धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "चालू दे."